त्रेचाळीस पिक्चर पाहिले, आठवत मात्र काही नाही

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. माझं वय एक्केचाळीस, राहायला जुळे सोलापुरात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि सासरे. लग्नाआधी मला पिक्चरचं भारी वेड होतं, मधल्या वर्षांत सगळं राहून गेलं. म्हणून यंदा जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत, दोनशे पानी वही घेतली आणि ठरवलं, वर्षभरात शंभर पिक्चर बघायचे आणि प्रत्येकाची नोंद ठेवायची.

जुलै उजाडला. वहीत त्रेचाळीस नावं झाली. तारीख, पिक्चरचं नाव आणि पाचपैकी किती चांदण्या, एवढंच मी लिहिते. परवा वही चाळली तर एकतीस पिक्चरना चार-चार चांदण्या, आणि त्यातल्या निम्म्यांची गोष्टसुद्धा आठवेना. आकडा मागे पडतोय म्हणून आता मोबाइलवर दीडपट वेगाने बघायला लागलेय. अर्धवट सोडलेला मोजायचा का? आधी पाहिलेला परत पाहिला तर? कारखान्यातल्या मैत्रिणींबरोबर कधी तेलुगू पिक्चरला जाते, भाषा निम्मीच कळते, तो मोजायचा का? मुलगा म्हणतो, वही कसली लिहितेस, ॲप घे. सासरे हसतात. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. वय ऐंशीच्या पुढे, पण कुठला पिक्चर कुठल्या पाळीनंतर आणि कुणाबरोबर पाहिला ते अजून सांगतात.

आणि एक सांगायचंय. मे महिन्यात 'उंबरठा' पाहिला, त्यातली सुलभा शेवटी घर सोडून जाते. एरवी मी काही लिहीत नाही, पण त्या दिवशी चांदण्यांच्या पुढे लिहिलं, 'सुलभा गेली. मला हेवा वाटला.' ह्यांनी वही उघडून ते वाचलं. भांडण झालं नाही, पण तेव्हापासून घरात नीट बोलणं नाही. ते पान फाडून टाकू का? की वहीच बंद करू?

उत्तर

ताई, वही बंद करू नका. पान फाडायचं का, त्याकडे शेवटी येते, कारण त्याआधी वहीबद्दल बरंच बोलायचं आहे.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचे वाटले ते तुमचे सासरे. त्यांनी वही ठेवली नाही आणि त्यांना आठवतं. तुम्ही वही ठेवली आणि तुम्हाला आठवत नाही. याचा वयाशी किंवा बुद्धीशी संबंध नाही. त्यांनी मनात काय साठवलं आणि तुम्ही कागदावर काय साठवलं, यातला हा फरक आहे. त्यांच्या आठवणीत पाळी आहे, सोबतचा माणूस आहे, टॉकीज आहे. मिलच्या दिवसांत सोलापूर भोंग्यावर चालायचं, आणि पाळी सुटल्यावर तीनचा शो गाठायचा की सहाचा की नऊचा, हे त्या कामगाराच्या दिवसाचं गणित असायचं. म्हणून पिक्चर आठवला की त्याच्या मागून तो सगळा दिवस येतो. तुमच्या वहीत तारीख, नाव आणि चांदण्या आहेत. त्यात पिक्चर आहे, तुम्ही कुठेच नाही.

तुम्ही अकाउंट्स बघता, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगते. रक्कम आणि तारीख बिनचूक, पण नॅरेशन, म्हणजे व्यवहार कशाचा ते सांगणारी ओळ, रिकामी, अशी एंट्री सहा महिन्यांनी समोर आली तर ती कशाची हे कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या त्रेचाळीस नोंदी तशा आहेत. चांदण्या म्हणजे पिक्चरबद्दलचा निकाल, आणि निकाल द्यायला जगात लाखो माणसं बसलेली आहेत. त्या संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या त्या खोलीत तुम्ही तो पिक्चर कसा पाहिला, हे मात्र तुमच्याशिवाय कुणी लिहू शकत नाही.

मग लिहायचं काय? मी एक नमुना देते, पिक्चर काल्पनिक आहे.

'जूनचा तिसरा शनिवार. घरी, रात्री साडेनऊ. मुलगा पहिला अर्धा तास होता, मग अभ्यासाला गेला. उकाडा होता, मध्ये दोनदा लाइट गेली. गोष्ट दोन भावांची. धाकटा आईशी खोटं बोलतो आणि आई ते ओळखून गप्प बसते, तो प्रसंग लक्षात राहिला. आईच्या हातात मेथीची जुडी होती आणि ती तशीच निवडत राहिली. शेवट पटला नाही. थोरल्याला एवढ्या लवकर माफ करायला नको होतं.'

एवढंच. पाच-सहा ओळी, दहा मिनिटांचं काम. यात ना समीक्षा आहे ना सगळी गोष्ट. कुठे आणि कुणाबरोबर पाहिला, डोळ्यांसमोर राहिलेली एक गोष्ट, आणि एक जागा जिथे मन अडलं. पाच वर्षांनी ही नोंद वाचली की मेथी आठवेल, मेथीवरून आई आठवेल आणि आईवरून सगळा पिक्चर उभा राहील. 'अभिनय छान, गाणी छान, फोटोग्राफी छान' हे शब्द वहीतून हद्दपार करा. ते खोटे असतात असं नाही, पण ते कुठल्याही पिक्चरला चालतात, आणि म्हणूनच त्यांच्यावरून नंतर काहीच आठवत नाही. हात, भांडं, रंग, एखादी हाक, रस्त्यावरचा आवाज, असं काहीतरी लिहा.

लिहायचं त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी डबा भरण्याआधी. आणि लिहून होईपर्यंत त्या पिक्चरबद्दल दुसऱ्या कुणाचं काही वाचू नका, व्हिडिओ बघू नका. एकदा परीक्षण वाचलं की आपल्या मनात जे अर्धवट आकाराला येत असतं, त्याच्या जागी त्या माणसाची वाक्यं येऊन बसतात आणि आपण तीच आपली समजून लिहितो. आधी स्वतः आठवा, अडखळा, लिहा. आठवण्यासाठी घेतलेले कष्टच ती गोष्ट पुढे टिकवून धरतात. मग खुशाल वाचा.

चांदण्या द्यायच्याच असतील तर त्या रात्री देऊ नका. जागा मोकळी ठेवा आणि महिन्याभराने भरा. थिएटरमधून बाहेर पडताना सगळेच पिक्चर चार चांदण्यांचे वाटतात. महिन्याने एखाद्याची दोनावर घसरगुंडी होते, आणि जो त्या दिवशी कंटाळवाणा वाटला होता तो अजून डोक्यात घोळत असतो. तो फरक बघण्यासारखा असतो.

नावापुढे वर्ष आणि दिग्दर्शक लिहायची सवय मात्र आजपासून लावा. 'देवदास' एवढंच लिहिलं तर कुठला? प्रमथेश बरुआंचा १९३५चा बंगाली आणि त्यानंतरचा सैगलांचा हिंदी, बिमल रॉय यांचा १९५५चा, संजय लीला भन्साळींचा २००२चा, हे तर फक्त ठळक. भाषाही लिहा. आपल्या सोलापुरात तर हे फारच गरजेचं. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, घरात मराठी आणि टीव्हीवर हिंदी डबिंग, अशी चार भाषांची ये-जा इथे रोजची आहे. एकच गोष्ट तीन भाषांत भेटते. करमाळ्याकडच्या भागात घडणारा 'सैराट' २०१६चा. दुसऱ्याच वर्षी त्याचा कन्नड अवतार 'मनसु मल्लिगे' आला आणि त्यातही नायिका आपल्या अकलूजची रिंकू राजगुरूच होती. २०१८ मध्ये हिंदी 'धडक' आला. तुमच्या एखाद्या कन्नड मैत्रिणीने 'तो पिक्चर मी पाहिलाय' म्हटलं तर कुठला, हे विचारून घ्यावं लागतं. पिक्चर सुरू होण्याआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं, त्यावर नाव, भाषा आणि किती मिनिटांचा ते असतं. तेवढ्या सेकंदांत वाचून घ्या.

तिकिटांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण वही ठेवणारी माणसं ती चिकटवतातच, म्हणून सांगते. हल्लीची छापील तिकिटं बहुतेक थर्मल कागदाची असतात. उष्णतेने त्यावरचा मजकूर उडतो किंवा कागद काळवंडतो, आणि काही डिंकांनीही खराब होतो. आपल्याकडचा उन्हाळा त्याला पुरेसा आहे. तिकीट ठेवायचं तर ठेवा, पण त्यावरचं सगळं पेनाने वहीत उतरवून घ्या.

तिकिटांवरून पी. के. नायर आठवतात. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं आणि ते ज्यांनी उभं केलं ते हे गृहस्थ. त्रिवेंद्रमच्या त्यांच्या लहानपणी ते सिनेमाची तिकिटं जमवायचे, आणि वजनकाट्यातून पडणारी ती नटनट्यांच्या चित्रांची कार्डंसुद्धा. शाळकरी मुलाचा छंद, घरच्यांना काय वाटलं असेल! त्याच माणसाने पुढे देशभर फिरून, जुनी रिळं गोळा करून आपला सिनेमा वाचवला. आणि तरीही किती गेला. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१चा, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जाहिराती, छायाचित्रं आणि ज्यांनी तो पाहिला त्यांनी सांगितलेलं, एवढंच हाती आहे.

म्हणून तुमच्या सासऱ्यांची आठवण ही घरातली करमणूक म्हणून सोडून देऊ नका. वही उलटी करा आणि मागच्या बाजूने त्यांच्या नोंदी सुरू करा. दोनशे पानं आहेत, दोघांना पुरतील. त्यांना 'कुठल्या साली पाहिला' असं विचारू नका, साल विचारलं की म्हातारी माणसं बावरतात आणि आपण चुकू या भीतीने गप्प होतात. पाळी विचारा. सोबत कोण होतं विचारा. भागवत टॉकीजला की गेंट्यालला, खाली की बाल्कनीत, मध्यंतरात काय खाल्लं, परतताना सायकल होती की चालत आलात. साल तुम्ही नंतर शोधून भराल, ते सोपं आहे. जे ते सांगतील ते कुठल्याही संग्रहालयात नाही. आणि ते सांगतील तसंच लिहा, त्यांच्या तोंडचे शब्द सुधारू नका.

त्यांच्याबरोबर बघायला एक पिक्चर सुचवते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात १९१० साली जन्मले. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, आणि तिथे जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. गावात त्यांचं स्मारक आहे, आपण त्यावरून रोज जातो. सासऱ्यांनी तो पिक्चर कधीतरी पाहिलेला असेल किंवा नसेलही. दोन्ही बाबतीत त्या नोंदीत लिहिण्यासारखं काही ना काही निघेल.

आता शंभराचं. आकडा ठरवणं मला वाईट वाटत नाही. सुरुवातीला तोच माणसाला सोफ्यावरून उठवतो, आणि हिशेब ठेवणाऱ्या बाईला मोजण्यात आनंद मिळतो हे मी समजू शकते. पण तुमचं पत्र सांगतं की आकड्याने तुमचा ताबा घेतलाय. अजून सत्तावन्न बाकी. वर्षाच्या उरलेल्या आठवड्यांत आठवड्याला दोनाहून जास्त, तेही नोकरी, दहावीचा मुलगा आणि घर सांभाळून. ते होणार नाही, आणि झालं तरी त्यात तुमचं काही राहणार नाही. शंभर खोडून टाका. मोजायचंच असेल तर दुसरं काहीतरी मोजा. किती पिक्चर एकटीने पाहिले, किती कुणाबरोबर. किती भाषांतले. तुमच्या जन्माआधीचे किती. बायकांनी दिग्दर्शित केलेले किती. ही मोजणी तुम्हाला काहीतरी सांगेल, आणि ती 'मागे पडत' नाही. ज्या महिन्यात एकही पिक्चर झाला नाही तो महिनाही कोरा सोडू नका. 'मार्च, वर्षअखेरचे हिशेब, एकही नाही' अशी एक ओळ टाका. वर्षाची वही म्हणजे न पाहिलेल्या दिवसांचीही वही.

दीडपट वेगाबद्दल मात्र मी ठाम आहे. ताई, ते आजच थांबवा. आपल्या जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे, त्यांचा 'फॅन्ड्री' आठवा. त्यातला शाळकरी मुलगा जब्या आणि त्याच्या घरचे डुकराच्या मागे धावत असतात, ते आता हाती लागणार, आणि इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो. सगळे उभे राहतात. डुक्कर निघून जातं. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. दीडपट वेगाने ते ३५ सेकंदांत आटोपेल. आणि त्या उभं राहण्यातली लाज, चीड, अगतिकता, सगळं त्या थांबण्यात आहे. ते थांबणं कापलं तर हातात उरतं काय? 'माणसं डुक्कर पकडायला गेली आणि डुक्कर पळालं.' तुम्हाला निम्म्या पिक्चरची गोष्टही आठवत नाही याचं एक कारण मला इथेच दिसतं. मनाला एखादी गोष्ट धरायला जी उसंत लागते, तीच तुम्ही कापत होता. वेळ नसेल तर अर्धा पिक्चर आज बघा, अर्धा उद्या. पण त्याच्या चालीने बघा.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. अर्धवट सोडलेला पिक्चर लिहायचा. कुठे सोडला आणि का, हे लिहायचं. झोप आली म्हणून, पाहुणे आले म्हणून, की बघवेना म्हणून. बघवेना म्हणून सोडलेल्यांची यादी वर्षाने वाचा, स्वतःबद्दल पुष्कळ कळेल. परत पाहिलेला लिहायचा, नव्या पानावर, आणि जुनी नोंद न वाचता. मग दोन्ही शेजारी ठेवून बघा. वीसाव्या वर्षी नायकाच्या बाजूने असलेली बाई चाळिसाव्या वर्षी त्याच पिक्चरमध्ये त्याच्या आईकडे बघत बसते.

आणि तेलुगू पिक्चर तर नक्कीच लिहायचा. मला तर वाटतं, तुमच्या वहीतल्या सगळ्यात जिवंत नोंदी त्याच होतील. तिथे संवाद तुम्हाला निम्मेच कळतात, म्हणून तुम्ही चेहरे बघता, मैत्रिणी कुठे हसल्या आणि कुठे शिट्ट्या पडल्या ते बघता, आणि मध्यंतरात त्यांना विचारून गोष्ट जुळवता. काय कळलं, काय चुकीचं समजलं होतं आणि मग कुणी कसं समजावलं, ते सगळं लिहा. जमलं तर त्या मैत्रिणीकडून एखादा संवाद देवनागरीत उतरवून घ्या आणि अर्थ विचारा. वर्षभरात दहा-पंधरा वाक्यं होतील. पूर्व भागातल्या बायकांबरोबर इतकी वर्षं काम करून आपण त्यांची भाषा किती शिकतो?

मुलाचा ॲपचा आग्रह मी उडवून लावणार नाही. ॲपमध्ये वर्ष, दिग्दर्शक, नट सगळं आपोआप येतं, शोधता येतं, वर्षाअखेरीस आकडे मिळतात. न्यूझीलंडमध्ये २०११ साली सुरू झालेलं लेटरबॉक्स्ड हे त्यातलं बरंच लोकप्रिय. आणि मुलाला ही गोष्ट सांगा, त्याला आवडेल. आज सगळं जग ज्या आयएमडीबीवर पिक्चरची माहिती बघतं, त्याची सुरुवात एका माणसाच्या खासगी नोंदींतून झाली. इंग्लंडमधला कॉल नीडहॅम पोरवयापासून पाहिलेल्या पिक्चरची नोंद ठेवायचा, त्यातून त्याने आपल्यापुरता डेटाबेस केला, आणि १९९० साली इंटरनेटवर इतरांना तो शोधता येईल अशी सोय केली. म्हणजे वही आणि ॲप यांचं वैर नाही, वहीतूनच ॲप जन्मलं. पण त्याच आयएमडीबीने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपले चर्चेचे फलक बंद केले आणि लोकांनी वर्षानुवर्षं तिथे लिहिलेलं सगळं त्या साइटवरून गेलं. दुसऱ्याच्या जागेत लिहिलेलं दुसऱ्याच्या मर्जीवर असतं. म्हणून यादी मुलाकडे सोपवा. तो ॲपमध्ये नाव-वर्ष भरेल, अधूनमधून त्या यादीची फाइल उतरवून ठेवेल, आणि त्या निमित्ताने आई काय बघते ते त्याला कळेल. मनातलं मात्र वहीतच लिहा.

आता ते पान.

'उंबरठा' १९८२चा. दिग्दर्शक जब्बार पटेल, जन्म पंढरपूरचा, शालेय शिक्षण सोलापूरचं. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन आहे. शिकलेली, चांगल्या घरची. महिलाश्रमाच्या कामासाठी घर सोडून दूर जाते, तिथला कारभार आणि तिथल्या बायकांची दुःखं बघून आतून हलते, आणि परत येते तेव्हा तिच्या जागी नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती पुन्हा निघते. चाळीस वर्षांहून जास्त काळ मराठी घरांत हा पिक्चर पाहिला गेला आहे, आणि तुम्ही लिहिलेली ओळ कितीतरी बायकांच्या मनात येऊन गेली असेल. बहुतेकींनी ती लिहिली नाही. तुम्ही लिहिलीत. त्रेचाळीस नोंदींत खरी नोंद ती एकच आहे, कारण तिच्यात तुम्ही आहात. ती फाडली तर उरलेली वही रिकामी होईल.

तुमच्या यजमानांनी न विचारता वही उघडली, हे चुकलं. हे त्यांना सांगायला हवं, रागाने नाही, पण स्पष्ट. आणि त्याचबरोबर त्यांची बाजूही बघा. त्या माणसाने ती ओळ संदर्भाशिवाय वाचली. 'हेवा वाटला' म्हणजे बायकोला घर सोडायचंय, असं त्यांनी धरलं असणार, आणि ते विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. तुम्हीही काही बोलला नाहीत. तुम्हाला कशाचा हेवा वाटला, हे तुम्ही मला लिहिलेलं नाही. घर सोडण्याचा? की स्वतःचं काम असण्याचा, निर्णय घेता येण्याचा? की फक्त एका रेल्वेच्या डब्यात एकटीने बसण्याचा? या तिन्हींत फार अंतर आहे. आधी तुम्ही स्वतः ते शोधा, आणि त्याच पानावर, त्याच ओळीखाली, आजची तारीख टाकून लिहा. मनातलं बदलतं, वाढतं, ते वहीत बदलताना दिसायला हवं.

मग एखाद्या रविवारी त्यांना म्हणा, 'माझ्याबरोबर 'उंबरठा' बघाल का?' मध्ये काही समजावू नका. संपल्यावर वही त्यांच्या हातात द्या आणि त्यांना काय वाटलं ते त्यांनी एका ओळीत लिहावं असं सांगा, तुमच्या ओळीखाली. ते काय लिहितील हे मला सांगता येणार नाही. कदाचित नवऱ्याचं बरोबर होतं असं लिहितील. लिहू द्या. तुमच्या दोघांची दोन मतं एका पानावर आली की निदान ती अंधारात राहत नाहीत, आणि बोलायला एक जागा मिळते. मोठ्या गोष्टी थेट बोलणं आपल्याकडच्या घरांत अवघड जातं. पिक्चरमधल्या माणसांबद्दल बोलता बोलता त्या बोलल्या जातात, हे मी या सदराला आलेल्या पत्रांत कितीदा पाहिलं आहे.

ते नाही म्हणाले तर एकदा थांबा, महिन्याभराने पुन्हा विचारा. आणि वही तोवर तुमच्या कपाटात ठेवा, हिशेबाच्या कागदांबरोबर नाही. घरातल्यांना सांगून ठेवा की पुढून ती माझी आहे, विचारून वाचायची. मागून सासऱ्यांची आहे, कुणीही वाचा. त्या गप्पपणाच्या पलीकडे जर आणखी काही असेल, जे तुम्ही पत्रात लिहिलं नाही, धाक असेल किंवा हात उगारला जात असेल, तर मग हा पिक्चरच्या वहीचा प्रश्न नाही, आणि तुम्ही मला लगेच, वेगळं लिहा.